तानपुरा सापडत नाही

गेल्या जुलैत पुण्याहून भाचीचा फोन आला. ती गाणे शिकते. घर आवरताना तिला आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, रेकॉर्डिंगचा फोल्डर सापडला होता.

"मामा, आजीचा आवाज आहे, पण तानपुरा नाही," ती म्हणाली. "तिथे नुसती करडी चौकट दिसते. 'प्लगइन सापडला नाही' असं लिहून येतंय."

मी तेव्हा घरच्या टेबलाशी बसलो होतो. आमचे घर एयरोसिटीत आहे. पत्ता मोहालीचा, शेजारचा विमानतळ चंडीगडचा आणि भोवतालची भाषा पंजाबी. वस्तीचे नावच विमानांवरून पडले आहे, त्यामुळे इथे फोनवर बोलताना मध्येच अर्धा मिनिट थांबण्याची सर्वांना सवय असते. विमान गेले आणि मी तिला विचारले, "फोल्डरच्या नावात साल काय आहे?" ती म्हणाली, "२०१२."

ते साल ऐकताच चूक कोणाची, हे माझ्या लक्षात आले. तो तानपुरा मीच केला होता.

आई मिरजेला गाण्याचे वर्ग घेत असे. मिरजेत तानपुऱ्यांची उणीव कधीच नव्हती. सतार-तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव, आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण वय झाल्यावर आईला तानपुरा छेडत शिकवणे जमेना, आणि पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आवाज तिला आवडत नसे. मी नोकरीनिमित्त दूर होतो. सुट्टीत घरी जाऊन मी तिच्या संगणकावर एक छोटा प्लगइन लिहून दिला. चार तारा, प्रत्येक तार हवी तेवढी चढवता-उतरवता येईल, आणि जवारी कमी-जास्त करता येईल, एवढाच त्याचा आवाका. त्याच्या साथीने आईने पुढच्या काही वर्षांत तिच्या बंदिशी आणि आलाप रेकॉर्ड केले. एकूण ३१ बैठका झाल्या. २०१९ मध्ये आई गेली. तिचा संगणक भंगारात गेला. माझ्याकडचा मूळ प्रोग्रॅम ज्या डिस्कवर होता ती डिस्क त्याआधीच बंद पडली होती. वाचला तो भाचीच्या वडिलांनी उतरवून घेतलेला एक फोल्डर, आणि त्यात माझा प्लगइन नव्हता.

आवाज साध्या ध्वनिफाइलीत होता, म्हणून तो राहिला. तानपुरा मात्र दर वेळी नव्याने वाजवला जात होता, त्यामुळे वाजवणारा गेल्यावर तोही गेला. हा प्लगइन पुन्हा लिहायचा, तर कोणत्या फॉरमॅटमध्ये, हा प्रश्न माझ्यापुढे आला. दिसायला तो तांत्रिक आहे. त्याच्या मागे लागलो तेव्हा मात्र बराच इतिहास हाती आला, आणि त्यातला निम्मा आपल्याच घरचा निघाला.

आधी प्लगइन म्हणजे काय ते सांगतो. संगीत ध्वनिमुद्रित करायचा मोठा प्रोग्रॅम असतो, त्याला होस्ट म्हणतात. गुंजन, तारा, ढोल किंवा आवाजातली आस ही कामे तो स्वतः करत नाही, बाहेरच्या छोट्या प्रोग्रॅमला सांगतो. हे सांगणे फार वेगाने चालते. सेकंदाला ४४,१०० नमुने असा हिशेब धरला आणि एका वेळी २५६ नमुन्यांचा घास घेतला, तर होस्ट दर ५.८ मिलिसेकंदांनी प्लगइनला हाक मारतो: पुढचा घास दे. हाक कशी मारायची, उत्तर कशात द्यायचे, बंद होताना आपली मांडणी कुठे ठेवायची, याचा करार म्हणजे फॉरमॅट. दोघांनी एकच करार पाळला, तर एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी लिहिलेले प्रोग्रॅम एकत्र वाजतात.

असा सर्वांत गाजलेला करार हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणला. त्यांच्या क्यूबेस या प्रोग्रॅमच्या नावालाच त्यांनी व्हीएसटी ही अक्षरे जोडली. अर्थ, संगणकातला आभासी स्टुडिओ. तोवर गुंजन हवे तर गुंजनाची पेटी विकत घ्यावी लागे. १९९७ मध्ये स्टाइनबर्गने हा करार इतरांना खुला केला, आणि पुढे प्रतिस्पर्धी होस्टसुद्धा तोच पाळू लागले. १९९९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यात प्लगइनला सुरांचे निरोपही पोचू लागले, म्हणजे नुसते परिणाम देणारे प्लगइन आता वाद्ये झाले.

बाकीच्यांनी आपापल्या चुली मांडल्या. प्रो टूल्सवाल्या डिजिडिझाइनची स्वतःची घराणी होती, आणि २०११ पासून त्यांचा एएएक्स हा फॉरमॅट आला. ॲपलने २००२ मध्ये लॉजिक बनवणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी घेतली, लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली आणि आपल्या संगणकांसाठी ऑडिओ युनिट्स हा वेगळा करार रूढ केला. लिनक्सवर २००० साली लॅडस्पा आला आणि काही वर्षांनी त्याच्या जागी एलव्ही२. एकच तानपुरा, पण चार दारांतून आत शिरायचे तर चार पेहराव. ज्युल्स स्टोरर यांनी २००४ मध्ये ज्यूस ही प्रोग्रॅमरांची सामग्री बाहेर आणली, ती याच त्रासातून लोकप्रिय झाली: आतला जीव एकदा लिहा, पेहराव आम्ही शिवून देतो.

२०१२ मध्ये मी यातले काहीच वापरले नाही. व्हीएसटीची तिसरी आवृत्ती येऊन चार वर्षे झाली होती. ती मला अवजड वाटली. ती आवाज करणारा भाग आणि बटणे दाखवणारा भाग वेगळे ठेवायला सांगते, आणि मला तर एका संध्याकाळी काम संपवायचे होते. दुसरी आवृत्ती हलकी होती आणि सगळीकडे चाले. मी ती घेतली. फक्त विंडोजसाठी आणि फक्त ३२ बिटांत. प्लगइन प्रसिद्ध करायचा तर स्टाइनबर्गच्या करारावर रीतसर सही करायची होती. घरगुती वस्तूला सही कशाला, म्हणून तीही केली नाही. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्लगइनची ओळख चार रोमन अक्षरांची असते. होस्ट त्या अक्षरांवरून त्याला हुडकतो. मी आईच्या नावातली चार अक्षरे दिली. पूर्ण विचार करून केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

फॉरमॅटचा विचार करताना मला सारखी आठवण होत होती ती आईच्या कपाटातल्या पुस्तकांची. एका कप्प्यात भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग होते. दुसऱ्यात विनायकराव पटवर्धनांचे 'राग विज्ञान'. लहानपणी मी दोन्ही उघडून पाहिली आणि आईला विचारले होते, की या पुस्तकात 'सा'च्या डोक्यावर टिंब आहे, मग तो वरचा की खालचा? आई म्हणाली होती, "आधी पुस्तक कुणाचं ते बघ."

ते अक्षरशः खरे आहे. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले की तो तार सप्तकातला. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत डोक्यावरचे टिंब म्हणजे मंद्र. भातखंड्यांकडे 'म'वर उभी रेघ आली की मध्यम तीव्र होतो. पलुसकरांकडे उभी रेघ म्हणजे स्वर तार सप्तकात गेला. समेला एकीकडे फुली, दुसरीकडे १ हा आकडा. खालीला एकीकडे शून्य, दुसरीकडे अधिकची खूण. दोघेही विष्णु, दोघेही मराठी, दोघेही एकाच काळात एकच काम करणारे, आणि दोघांच्या फाइली एकमेकांत उघडत नाहीत.

यातला एक विष्णु आमच्या या भागातून गेला होता. पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली, मग मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गाणे घेतले, आणि फिरत फिरत पंजाबात आले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे फी, वर्ग, परीक्षा, क्रमिक पुस्तके असा सगळा शाळेचा थाट होता. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहून मिळणारी विद्या पन्नास मुलांच्या वर्गात द्यायची, तर ती कागदावर उतरवावी लागते. त्या गरजेतून त्यांचे नोटेशन तयार झाले. प्रत्येक स्वराच्या कालाची खूण त्यात त्या स्वराखाली वेगळी असते. वाचणाऱ्याला काही अध्याहृत धरावे लागत नाही.

भातखंड्यांची गरज निराळी होती. ते वकील होते, आणि घराणेदार गवयांकडून मिळतील तेवढ्या चिजा नोंदवून घ्यायला निघाले होते. त्यांना भराभर लिहिता येईल आणि छापखान्यात सोप्या खिळ्यांनी जुळेल असे काहीतरी हवे होते. त्यांच्या पद्धतीत खुणा कमी आहेत. एका मात्रेत बसणारे स्वर खालून एका कंसाने बांधले की झाले. ग्वाल्हेरला १९१८ मध्ये आणि लखनौला १९२६ मध्ये त्यांच्या पद्धतीची महाविद्यालये निघाली, मूळ मराठी पुस्तके हिंदीत गेली, आणि उत्तरेत त्यांचे लिखाण सर्वत्र पसरले. इथे चंडीगडमध्ये १९५६ पासून प्राचीन कला केंद्र आहे. तिथे परीक्षेला बसणारी शेजारची मुले माझ्याशी गाण्याविषयी बोलतात तेव्हा भातखंड्यांच्याच खुणा काढून दाखवतात. ज्या पंजाबात पलुसकरांनी शाळा काढली, तिथे आज मुलांच्या वहीत दुसऱ्या विष्णूचे टिंब आहे.

चांगले कोणते, या वादात मी पडत नाही. पलुसकरांची पद्धत अधिक काटेकोर, भातखंड्यांची अधिक सुटसुटीत, असे आई म्हणे. सुटसुटीत असते ते जास्त पसरते, हे व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीनेही दाखवले. पण दोन्ही पद्धतींनी एक मोठे काम केले: त्या कोणालाही फुकट शिकता आणि लिहिता आल्या. 'डोक्यावर टिंब द्यायला परवाना लागेल' असे कोणी म्हणाले नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे पान आजही उघडते. त्यासाठी पुस्तक कुणाचे, एवढेच पाहावे लागते.

तरीही कागदावर उतरत नाही असे बरेच असते, आणि तेही आपल्याकडे लवकर लक्षात आले होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी तो धागा पुढे नेला, आणि या श्रुती वाजवू शकेल अशी खास हार्मोनियमही त्या खटाटोपातून तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींचा वाद गाजला. भातखंडे त्या मताविरुद्ध होते. श्रुती-हार्मोनियम चालली नाही. साधी हार्मोनियम, तिच्या बारा पट्ट्यांसह, घरोघर गेली. शंभर वर्षांनंतर विद्याधर ओकांनी पुन्हा बावीस श्रुतींची पेटी करून दाखवली, म्हणजे प्रश्न अजून संपलेला नाही.

साध्या पेटीच्या गळ्यातही तात पडायचा राहिला नाही. पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य कलकत्त्याला हातभात्याचे झाले, आणि मग महाराष्ट्राच्या संगीत नाटकांत, कीर्तनांत, वर्गांत शिरले. १९४० मध्ये आकाशवाणीने त्याला बंदी केली. त्यातून मींड निघत नाही, त्याचे स्वर समान अंतरावर कापलेले आहेत, हे आक्षेप खोटे नव्हते. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. इथे पंजाबात तोच वाद अजून ताजा आहे. २०२२ मध्ये अकाल तख्ताकडून सूचना आली, की सुवर्ण मंदिरातल्या कीर्तनातून पुढच्या तीन वर्षांत हार्मोनियम काढून तंतुवाद्ये आणावीत. आमच्या गल्लीतल्या गुरुद्वाऱ्यात पहाटे अजून पेटीच ऐकू येते. ज्या ग्रंथातले शबद तिथे गायले जातात, त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ती रागांत बांधलेली आहेत. तेव्हा हा वाद मला परका वाटत नाही.

या सगळ्यात एक गंमत आहे. पेटी नको म्हणणारा गवईसुद्धा आपला षड्ज सांगताना 'काळी चार', 'काळी पाच' असेच सांगतो. आईची पट्टी काळी पाच होती, म्हणजे सेकंदाला साधारण २३३ कंपने. एखादा फॉरमॅट हद्दपार केला तरी त्याचे शब्द तोंडात बसलेले असतात.

संगणकाच्या सुरांनाही हेच दुखणे आहे. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या करारात स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत, आणि ते पेटीच्या पट्ट्यांसारखे बारा-बाराच्या गटांत मोजले जातात. मींड घ्यायची तर सगळी वाहिनी एकदम वाकते; एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांपैकी एकच वाकवायचा तर वेगळ्या युक्त्या कराव्या लागतात. व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीत एकेक स्वर स्वतंत्र वळवायची सोय आली, २०१८ मध्ये मिडीतही तशी रीत मान्य झाली, आणि २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली. पेटीवर जे आक्षेप घेतले गेले होते, त्यांना इतक्या उशिरा आणि इतक्या आडवाटेने उत्तर मिळाले.

आता पुन्हा माझ्या टेबलाकडे येतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीची सामग्री देणे थांबवले. ज्यांनी आधी सही केली होती त्यांना मुभा राहिली, नव्यांना दार बंद झाले. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केले, की दोन वर्षांत त्यांचे होस्ट फक्त तिसरी आवृत्ती चालवतील. त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनच्या बिटविग आणि यू-हे या कंपन्यांनी क्लॅप नावाचा नवा, साध्या सी भाषेतला फॉरमॅट आणला आणि तो एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना मोकळा दिला. परवाना हा शब्द कोरडा आहे, पण त्याचा अर्थ एवढाच, की उद्या मालकाचे मन बदलले तरी तुमची वस्तू चालू राहील. आणि मी या कामात असतानाच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, स्टाइनबर्गने तिसरी आवृत्तीही त्याच एमआयटी परवान्याखाली खुली केली.

मोहालीत पंजाबी गाण्यांचे स्टुडिओ पुष्कळ आहेत. आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण संगीत-संयोजक राहतो. त्याच्या संगणकावर अजून दुसऱ्या आवृत्तीचे प्लगइन आहेत आणि तो संगणकाला अद्ययावत होऊच देत नाही. मी कारण विचारले तर म्हणाला, "भाजी, चलदा है तां छेड़ो ना." चालते आहे तोवर हात लावू नका. त्याच्यासाठी ते बरोबर आहे. त्याचे गाणे या महिन्यात बाहेर पडायचे असते. माझे काम उलट होते. मला न चालणारे चालवायचे होते, आणि ते भाचीच्या म्हातारपणीही चालावे असे वाटत होते.

मी पाचही दारे तपासली. एएएक्ससाठी वेगळी डिजिटल मोहोर उठवून घ्यावी लागते, आणि घरात प्रो टूल्स कोणाकडे नाही, ते सोडले. ऑडिओ युनिट्स फक्त ॲपलच्या घरात चालते. भाचीचा संगणक विंडोजचा. पण तिची मैत्रीण ॲपल वापरते, म्हणून ते नंतर करायचे ठरवले. एलव्ही२ आणि क्लॅप दोन्ही मोकळे. क्लॅप मला मनापासून आवडला. दुसऱ्या आवृत्तीइतका हलका आहे, आणि ओळख चार अक्षरांत कोंबत नाही. पण भाचीच्या होस्टला जुन्या फाइलीत जुनाच प्लगइन हवा होता, आणि तिथे एक जुनी सोय माझ्या कामी आली. व्हीएसटीच्या तिसऱ्या आवृत्तीत प्लगइनची ओळख १६ बाइटांची असते. मात्र ती जुन्या चार अक्षरांवरून आणि जुन्या नावावरून बनवायचा एक ठरलेला नियम आहे. तो पाळला, तर नियम जाणणारा होस्ट नव्या प्लगइनला जुन्याचा वारस म्हणून ओळखतो आणि जुन्याने ठेवलेली थैली त्याच्या हाती देतो. आईच्या नावातली चार अक्षरे मला पाठ होती. निवड तिथेच झाली.

उरला प्रश्न थैलीत काय आहे याचा. प्रकल्पाच्या फाइलीतून ती मी बाहेर काढली. प्रत्येक बैठकीची ३६ बाइटे, म्हणजे नऊ आकडे, प्रत्येक शून्य ते एकच्या मध्ये. कोणता आकडा कशाचा, आणि एक म्हणजे किती, हे ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिले होते तो नाहीसा झाला होता. मला आठवत नव्हते.

इथे आईची वही उपयोगी पडली. भाचीने पानांचे फोटो पाठवले. आईने प्रत्येक बैठकीची तारीख, राग आणि पहिली तार कशात लावली ते लिहून ठेवले होते. यमनला पंचम, मालकंसला मध्यम, पूरियाला निषाद. यमनच्या बैठकीत दुसरा आकडा होता ०.५८५. मालकंसला ०.४१५. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर नैसर्गिक पंचम ७०२ सेंटांवर येतो आणि मध्यम ४९८ वर. ७०२ भागिले १२०० म्हणजे ०.५८५, ४९८ भागिले १२०० म्हणजे ०.४१५. दुसरा आकडा पहिल्या तारेचा होता आणि एक म्हणजे पूर्ण सप्तक. ती संध्याकाळ मी विसरणार नाही. बाहेर एकामागून एक विमाने उतरत होती आणि मी वहीशी आकडे ताडून पाहत होतो.

मग पूरिया काढला. निषाद नैसर्गिक असता तर १०८८ सेंट, म्हणजे ०.९०७ यायला हवे होते. फाइलीत ०.९०३३ होते. १०८४. चार सेंट खाली. वाटले, माझा काही हिशेब चुकला. दुसरी पूरियाची बैठक पाहिली, तिथेही तेच. तिसरीतही. मी तिला नैसर्गिक निषाद लावून दिला होता. तिने दर वेळी तो कानाने थोडा उतरवून घेतला होता. वहीत फक्त 'नि' लिहिले आहे. भातखंड्यांच्या खुणेत लिहिले असते तरी 'नि'च झाले असते, आणि पलुसकरांच्या खुणेतही. पेटीवर तर तो स्वरच नाही. तिचा कान कुठे थांबला, ते जगात फक्त या ३६ बाइटांत नोंदले गेले होते, आणि ते मी अशा फॉरमॅटमध्ये ठेवले होते जो मीच उघडू शकत नव्हतो.

आतला तानपुरा मी या वेळी कोणत्याही फॉरमॅटचे नाव न घेणाऱ्या साध्या सी++ मध्ये लिहिला. त्यावर व्हीएसटी ३ आणि क्लॅप असे दोन पातळ पेहराव चढवले. सगळा प्रोग्रॅम तीन ठिकाणी ठेवला. मांडणी आता थैलीत न ठेवता वाचता येईल अशा मजकुरात ठेवली: तारेचे नाव, सेंट, जवारी. आणि ३१ बैठकांचा तानपुरा एकेकदा पूर्ण वाजवून साध्या ध्वनिफाइलीत उतरवला, म्हणजे कोणतेच प्लगइन राहिले नाहीत तरी आईच्या मागे तो वाजेल. २०१२ मध्ये या शेवटच्या कामाला फारतर एक दिवस लागला असता. भाचीला मी सांगितले, की हे सगळे आकडे पेनाने आजीच्या वहीतही उतरव. ती हसली, पण तिने उतरवले.

डिसेंबरात इथे धुके पडले आणि विमाने उशिरा येऊ लागली, त्या दिवसांत मी तिला प्लगइन पाठवला. रात्री तिचा फोन आला. मागे पूरिया चालू होता, आईचा मंद्रातला निषाद आणि त्याखाली चार तारा.

"उघडलं, मामा. करडी चौकट गेली," ती म्हणाली. मग थोडा वेळ ऐकत राहिली. "पण पहिली तार जरा उतरलेली वाटतेय. माझ्या मोबाइलच्या तानपुऱ्याशी जुळत नाही. तू चढवून देतोस का?"

"ती आजीने उतरवलेली आहे," मी म्हणालो. "तशीच राहू दे. तिच्याबरोबर म्हणून बघ."